आल्डर बेंडचा केली

आल्डर बेंडचा संघ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये दोन हंगाम खेळला आणि संपला. लीगच्या इतिहासात त्याच्या वाट्याला जेमतेम दीड ओळ आली आहे. त्या दीड ओळीत चर्चच्या घंटेचा उल्लेख नाही, आणि घंटा वगळली तर त्या संघाची गोष्ट सांगायला काही उरतच नाही.

गाव विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, नदीच्या वळणावर. कातडी कमावण्याचा एक मोठा कारखाना, त्याच्याभोवती कातडी कमावायला लागणाऱ्या झाडांच्या सालींचे डोंगर, आणि वाऱ्याबरोबर येणारा तो वास, जो गावकऱ्यांना येत नसे आणि पाहुण्यांना जेवू देत नसे. पहिलं महायुद्ध संपल्यावर कारखान्याच्या मालकाने हौसेने संघ उभा केला. संघाचं नाव टॅनर्स, म्हणजे कातडी कमावणारे. पण खेळायचं कुठे? नदीकाठची सगळी सपाटी सालींनी अडवलेली. गावात सपाट जमीन म्हणावी अशी एकच होती, चर्चच्या मागचं कुरण, जिथे रविवारी शेतकऱ्यांचे घोडे बांधलेले असत. चर्चच्या पंचांनी ते दिलं, पण एका अटीवर. उपासना चालू असताना चेंडू जमिनीला लागता कामा नये. शेवटची घंटा झाली की मग काय तो दंगा करा.

अडचण अशी की रविवारी दक्षिणेकडे जाणारी गाडी एकच, तीनची. पाहुण्या संघाला ती गाठावीच लागे. म्हणजे खेळ कधी सुरू व्हायचा हे घंटेच्या हातात, कधी संपायचा हे गाडीच्या हातात, आणि घंटा कधी वाजायची हे पास्टर लिंडेमान यांच्या प्रवचनाच्या हातात. पहिल्या हंगामात एकदा त्यांनी महापुराची कथा घेतली. पाणी ओसरेपर्यंत खेळाचा चौथा भाग वाहून गेला. टॅनर्स पुढे होते म्हणून कुणी बोललं नाही. पाहुण्यांचा कप्तान मात्र गाडीत चढताना म्हणाला, “तुमचा सगळ्यात भारी गडी मैदानावर नव्हताच. तो काळ्या झग्यात होता.”

हा विनोद गावात बरेच दिवस चालला. पास्टरांच्या कानावर तो आला तेव्हा ते कसनुसं हसले आणि घरी येऊन हेडविगला, म्हणजे बायकोला, म्हणाले, “मी खरंच इतका लांबवतो का?”

“लांबवतोस,” हेडविग म्हणाली. “पण मला विणायला वेळ मिळतो असंही नाही. तिथे विणता येत नाही.”

गॉटफ्रीड लिंडेमान हा मनाने भित्रा माणूस. पुस्तकांत रमणारा. वीस वर्षं त्याच व्यासपीठावर उभं राहूनही दर रविवारी पायऱ्या चढताना त्यांचे गुडघे लटपटत. आपण बोलतो ते कुणी ऐकतं का, ही शंका त्यांना सोडत नसे. पूर्ण आठवडा ते प्रवचन लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. आणि लोक ऐकत नसतील या भीतीने एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगत. त्यामुळेच ते लांबत असे.

त्यांचा एकुलता मुलगा आर्नो मॅडिसनला विद्यापीठात शिकत होता. शनिवारी तो विद्यापीठाच्या संघातून खेळे आणि संध्याकाळच्या गाडीने घरी येई. रविवारी सकाळी आईशेजारी तिसऱ्या बाकावर बसे, शांतपणे, हात मांडीवर ठेवून. गावातल्या म्हाताऱ्या कौतुकाने म्हणत, “बघा, बापाच्या प्रवचनासाठी एवढ्या लांबून येतो.” आणि एकमेकींकडे बघत नसत. कारण घंटा झाली की हाच आर्नो मागच्या दाराने घोड्यांच्या तबेल्यात जाई आणि चामडी टोप घालून बाहेर येई तेव्हा त्याचं नाव केली झालेलं असे.

विद्यापीठाचा नियम कडक होता. पैसे घेऊन खेळणाऱ्या संघातून जो खेळेल त्याला संघातून हाकलणार, आणि वर्गातूनही. म्हणून सगळ्याच गावांत अशी पोरं दुसऱ्या नावाने खेळत. कुणी त्याबद्दल बोलायचं नाही, असा तो रिवाज. आल्डर बेंडमध्ये औषधालाही आयरिश माणूस नव्हता, तरी संघात केली या आयरिश आडनावाचा एक गडी होता आणि त्याचे केस गव्हाच्या काडासारखे पिवळे होते. सगळं गाव त्याला केली म्हणत होतं. मैदानावर, दुकानात, कारखान्यात. आणि सगळं गाव धरून चालत होतं की पास्टरांना यातलं काही माहीत नाही.

पास्टरांना पहिल्याच रविवारी कळलं होतं. मुलगा प्रार्थनेसाठी वाकला तेव्हा त्याच्या रविवारच्या कोटाच्या कॉलरखालून टॅनर्सच्या लोकरी बनियनची पट्टी दिसली होती. ते काही बोलले नाहीत. बोललो तर बंद करावं लागेल, आणि बंद झालं तर... इथे त्यांचा विचार थांबत असे. पोरगं दर रविवारी घरी येतं ते कशासाठी, प्रवचनासाठी की खेळासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी पूर्ण विचारला नाही. उत्तराची भीती वाटे. देवाच्या माणसाने एका कुस्तीसारख्या खेळाचे आभार मानावेत हे त्यांना बरं वाटत नव्हतं. पण ते मनातून मानत होते.

दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, गायनवृंदाचा सराव आटोपल्यावर ऑगी स्टुबे त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. ऑगी कारखान्यात मुकादम, वृंदात खर्जाचा आवाज आणि टॅनर्सचा कप्तान. दार त्याने पूर्ण भरून टाकलं होतं.

“पास्टर, एक विनंती होती.”

“बोल ना, ऑगी.”

“उद्याच्या प्रवचनाचा विषय काय आहे?”

“वाट पाहणारा बाप.”

ऑगीने टोपी हातात फिरवली. “फार वाट पाहतो का तो?”

पास्टरांना हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं. ऑगी घाईघाईने म्हणाला, “राग मानू नका. उद्याचा खेळ आमचा शेवटचा. लीगने कळवलंय, पुढच्या वर्षीपासून लहान गावं नकोत. मोठ्या शहरांतले संघ इतक्या लांब यायला तयार नाहीत. आमच्या वासाचंही काही तरी बोलले म्हणे.” त्याने टोपी पुन्हा फिरवली. “हरलो तर हरू. समोरचे आमच्यापेक्षा चांगले आहेत. पण एकदा पुरा खेळ व्हावा. अर्धा सोडून गाडीकडे पळणारे लोक बघत संपायला नको.”

“शेवटचा,” पास्टर म्हणाले.

“हो.”

“म्हणजे पुढच्या रविवारी काही नाही.”

“पुढच्या रविवारी तुम्ही हवं तेवढं बोला,” ऑगी म्हणाला. “आम्ही कुठे जातोय.”

त्या संध्याकाळी पास्टरांनी लिहिलेलं प्रवचन पुन्हा वाचलं. कात्री लावायला बसले, पण कुठेच लागेना. आर्नो गाडीने आला, सूप प्यायला, आईशी विद्यापीठातल्या गप्पा मारल्या आणि लवकर झोपायला गेला. जाताना म्हणाला, “पापा, उद्या काय आहे?”

“नेहमीचंच,” पास्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चर्च भरून गेलं होतं. वृंदातल्या चार धिप्पाड गड्यांच्या पांढऱ्या झग्यांखाली खांदे विचित्र फुगलेले दिसत होते, आत चामड्याच्या गाद्या बांधलेल्या होत्या. बाकांखाली बुटांच्या पिशव्या. तिसऱ्या बाकावर आर्नो, कॉलरशी ती पट्टी.

पास्टरांनी सुरुवात केली. घर सोडून गेलेला मुलगा, दारात उभा असलेला बाप. पहिली तऱ्हा झाली, दुसरी झाली. ऑगीने झग्यातून घड्याळ काढून पुन्हा आत ठेवलं. पास्टरांनी ते पाहिलं आणि त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं, कारण आपण थांबू शकत नाही असं नाही, आपल्याला थांबायचं नाही हे त्यांना कळलं. जोवर ते बोलत होते तोवर तिसऱ्या बाकावर आर्नो होता. आमेन म्हटलं की तो केली होणार, आणि संध्याकाळी केलीही संपणार, आणि त्यानंतर त्या बाकावर कोण बसेल हे देवाला ठाऊक. ते तिसऱ्या तऱ्हेकडे वळले.

मागच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं. तेव्हा त्यांनी आर्नोकडे नीट पाहिलं. तो घड्याळ बघत नव्हता. दाराकडे बघत नव्हता. हात मांडीवर ठेवून, मान किंचित वर करून तो फक्त त्यांच्याकडे बघत होता. घाईची एक रेघही चेहऱ्यावर नव्हती. आणि त्याला घाई असणारच होती.

“बाप दारात उभा राहतो,” पास्टर म्हणाले, “तो मुलाने परत यावं म्हणून नव्हे, तर...”

ते थांबले. कागद मिटला. पुढची तीन पानं तशीच राहिली. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सरळ आशीर्वाद दिला. स्तोत्र राहिलं, दानाची थाळी फिरवायची राहिली. लोक भांबावून उभे राहिले. घंटा वाजवणाऱ्या ओटोला आपली पाळी आली हेच कळेना. हेडविगला वाटलं यांना चक्कर येतेय.

“ओटो,” पास्टर व्यासपीठावरूनच म्हणाले, “घंटा.”

झगे उतरवत गडी मागच्या दाराने धावले.

पास्टर दोन वर्षांत कधी मैदानावर गेले नव्हते. त्या दिवशी ते टोपी घालून, हेडविगचा हात धरून, कुंपणाच्या फाटकातून आत शिरले आणि फळ्यांच्या बाकांवर बसलेल्या लोकांत सरकत सरकत जागा शोधू लागले. बर्था क्लूगे नावाची विधवा, जिच्या आरडाओरड्याने पाहुण्या संघाचे गडी दचकत, तिने स्वतःची घोंगडी झटकून त्यांना जागा दिली. “या, पास्टर. थंडी आहे. पायांवर घ्या.”

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. सगळं मैदान गप्प झालं.

कुणाचं काही चुकलं नव्हतं. लोकांना फक्त कळत नव्हतं की काय ओरडावं. केली म्हणावं तर पास्टर बसलेले. आर्नो म्हणावं तर त्याहून वाईट. दुसऱ्या गड्यांची नावं घ्यावीत तर ते मुद्दाम केल्यासारखं दिसे. म्हणून ऑगीचंही नाव कुणी घेईना. कर्णा घेऊन खेळाची माहिती देणारा न्हावी चेंडू कुणाकडे आहे हे सांगताना अडखळला आणि म्हणाला, “चेंडू घेऊन पुढे गेला... एक जण.”

त्या खेळात अंगावर येणाऱ्या माणसांना छातीवर घेत चेंडू एकेक पाऊल पुढे न्यायचा असतो. मागून गावाचा आवाज असेल तर पाऊल पडतं. त्या दिवशी फक्त हाडांवर हाडं आपटल्याचा आवाज येत होता. टॅनर्सचे गडी गोंधळून लोकांकडे बघू लागले. आर्नोने एकदा मान वळवली आणि त्याला बर्थाशेजारी काळी टोपी दिसली. त्यानंतर त्याच्या हातून चेंडू दोनदा निसटला. शहरवाल्यांनी पहिले गुण घेतले.

“हे काय चाललंय?” पास्टरांनी हळूच विचारलं. “इथे असं शांत असतं?”

हेडविगने त्यांच्याकडे पाहिलं. “नाही. तू आल्यामुळे आहे.”

पास्टरांना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा थंडीतही त्यांचे कान तापले. शेवटच्या दिवशी पुरा खेळ व्हावा म्हणून त्यांनी प्रवचन तोडलं होतं, आणि आता फाटकातून आत येऊन त्यांनी खेळच मारला होता. उठून जावं, असं त्यांच्या मनात आलं. ते अर्धवट उठलेही.

तेवढ्यात पुढच्या फळीवर बसलेला एक माणूस मागे वळला. अंगात शहरी ओव्हरकोट, पायात स्वच्छ बूट. त्या हिवाळ्यात विद्यापीठं आपली पोरं हेरायला असे लोक रविवारच्या खेळांना पाठवतात, अशी कुजबूज गावात होती.

“माफ करा, आपण इथले पास्टर ना?” तो सौजन्याने म्हणाला. “आपण तर सगळ्यांना ओळखत असाल. तो पिवळ्या केसांचा मुलगा कोण?”

बर्थाने घोंगडीत हात घातले. न्हाव्याने कर्णा खाली घेतला. आजूबाजूच्या चार ओळींना ते ऐकू गेलं होतं आणि त्या चारही ओळी समोर बघत होत्या.

मैदानावर आर्नो खाली पडला होता. दोघांनी त्याला एकदम आडवं केलं होतं आणि तो उठायला वेळ लावत होता, एक हात जमिनीवर टेकून, मान खाली घालून. पास्टर लिंडेमान यांनी आयुष्यात वीस वर्षं लोकांसमोर बोलण्याचं काम केलं होतं, पण ते कधी ओरडले नव्हते. ते पूर्ण उभे राहिले.

“ऊठ, केली,” ते ओरडले. आवाज फाटला. त्यांनी पुन्हा ओरडून पाहिलं, या वेळी व्यासपीठावरून मागच्या बाकापर्यंत पोचवतात तसा. “ऊठ रे, केली. ऊठ, पोरा.”

आर्नोने मान वर केली. टोपाखालून त्याने बाकांकडे पाहिलं, बराच वेळ. मग उठला.

बर्था क्लूगेने घोंगडी फेकून दिली. “ऐकलंस ना रे, केल्या? पास्टर सांगतायत. उठलास, आता पळही,” ती गरजली, आणि तिच्यामागून सगळं गाव. दोन वर्षांत निघाला नव्हता एवढा आवाज त्या कुरणातून निघाला. तबेल्यातले घोडे खिंकाळू लागले. ऑगीने कुणाला तरी असा आडवा केला की त्याचा बूट उडाला. ओव्हरकोटवाला माणूस पुढे वळला आणि त्याने आणखी काही विचारलं नाही.

टॅनर्स हरले. पण पुरा खेळ खेळून हरले. शेवटच्या डावात केलीने तीन माणसं अंगावर घेऊन चेंडू गोलरेषेच्या हातभर अलीकडे नेला आणि तिथे पडला, आणि शिट्टी झाली. पाहुण्यांनी गाडीकडे पळायच्या आधी त्याचा हात हातात घेतला.

घरी परतताना पास्टर म्हणाले, “मी आज खोटं बोललो. चर्चच्या जमिनीवर.”

“हो,” ती म्हणाली. “आणि मोठ्याने.”

“तुला वाटतं...”

“मला वाटतं तू लवकर घरी चल. तुझा घसा बसलाय.”

संध्याकाळी आर्नो जेवायला बसला तेव्हा त्याचा खालचा ओठ सुजला होता. सूप त्याने कडेकडेने प्यायलं. कुणी ओठाबद्दल विचारलं नाही. बऱ्याच वेळाने पास्टर घोगऱ्या आवाजात म्हणाले, “आज खेळ बघायला गेलो होतो.”

“अच्छा,” आर्नो म्हणाला. “कसा झाला?”

“केली म्हणून एक मुलगा आहे. बरा खेळला.”

“पडला ना तो एकदा? मी ऐकलं.”

“उठला की.”

आर्नोने पावाचा तुकडा मोडला. “पुढच्या रविवारी मला यायला जमणार नाही, पापा. परीक्षा आहे. त्याच्या पुढच्याही.”

“अभ्यास महत्त्वाचा,” पास्टर म्हणाले. त्यांनी चमचा ताटाशेजारी नीट सरळ ठेवला. त्यांना हेच अपेक्षित होतं.

“पण ते वाक्य,” आर्नो म्हणाला.

“कुठलं?”

“अर्धं राहिलं ना. बाप दारात उभा राहतो तो मुलाने परत यावं म्हणून नव्हे, तर... तर काय? मी सगळा खेळ तोच विचार करत होतो. म्हणून तर चेंडू सुटला.” तो हसला, आणि ओठ दुखला म्हणून थांबला. “तुमची तिसरी तऱ्हा नेहमी पहिल्या दोन्हींपेक्षा चांगली असते. आईला विचारा, मी नेहमी म्हणतो.”

पास्टरांनी बायकोकडे पाहिलं. हेडविग सूप वाढत होती. “म्हणतो,” ती म्हणाली. “तुला सांगायचं राहून गेलं.”

“मग काय?” आर्नोने पुन्हा विचारलं.

“ते चर्चमध्ये सांगायचं वाक्य आहे,” पास्टर म्हणाले. “जेवणाच्या टेबलावर नाही.”

पुढच्या रविवारी कुरणात पुन्हा घोडे बांधलेले होते. गोलाचे खांब ओटोने काढून सरपणात टाकले होते. लोकांना वाटलं, आता पास्टर मागचं अर्धं प्रवचन पुरं करतील, आणि आता वेळही आहे. पण त्यांनी दुसराच विषय घेतला, थोडक्यात आटोपला, आणि घंटा झाली. सवयीने सगळ्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मग कुणीच लगेच उठलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर ऑगीने त्यांना गाठलं. “पास्टर, तो बाप अजून दारातच आहे. त्याचं पुढे काय?”

“थांबायला हवं,” पास्टर म्हणाले. “एक जण यायचा आहे.”

ऑगीने मान डोलावली, जणू हे उघडच होतं.

बर्फ पडून कुरण आणि रस्ता एक झाले होते तेव्हा आर्नो आला. गाडी उशिरा पोचल्याने तो दुसऱ्या स्तोत्राच्या वेळी मागच्या दाराने आत शिरला, खांद्यावरचा बर्फ झटकत. कॉलरशी पट्टी नव्हती. लोकांनी पाय आवरून त्याला तिसऱ्या बाकापर्यंत वाट दिली. हेडविगने जागा धरायला शेजारी ठेवलेला हातमोजा उचलला.

पास्टर पायऱ्या चढले. त्यांनी जुना कागद काढला. त्यावर त्या वाक्याचा शेवट लिहिलेला होता, विद्वत्तेचा, दोन ओळी लांब. त्यांनी तो वाचला आणि कागद पुन्हा खिशात ठेवला.

“बाप दारात उभा राहतो,” ते म्हणाले, “तो मुलाने परत यावं म्हणून नव्हे. मुलगा आलाच, तर त्याला दार वाजवावं लागू नये म्हणून.”

आणि मग त्यांनी तेच तीन तऱ्हांनी सांगितलं. पाऊण तास लागला. ऑगीने घड्याळ काढलं नाही.